पोट लहान केले, आता जेवायचे कसे?

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण आहे. चाकणचा कांदा साऱ्या मुलखाला ठाऊक. पण आता चाकणला कारखान्यांमुळेही ओळखतात. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या गावांच्या शिवारात आज मोटारी तयार होतात. फोक्सवॅगनचा कारखाना इथे २००९ साली सुरू झाला. पिंपरीला हेच पन्नास वर्षे आधी घडले. १९५४ साली तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना आला. मग मागोमाग आणखी कारखाने आले. शिवार गेले आणि चाळी, इमारती उभ्या राहिल्या.

नांगर गेला, मोट गेली. पण ताट तेच राहिले. औताच्या मागे दिवसभर चालणाऱ्या गड्याला तीन भाकरी लागत. तेवढ्याच भाकरी आता यंत्रापुढे उभा राहणारा माणूस खातो. वर कंपनीच्या कँटीनचा भात, टपरीचा वडापाव आणि दिवसातून सहा वेळा गोड चहा. जायला-यायला बस. मग अंगावर चरबी चढते. तिच्या पाठोपाठ साखरेचा आजार येतो, रक्तदाब येतो, गुडघे बोलू लागतात.

आमच्या ओळखीचे एक दादा आहेत. त्यांचे नाव सांगायचे कारण नाही. आपण त्यांना नुसते दादा म्हणू. वय बेचाळीस. शेत कारखान्यात गेले आणि दादाही कारखान्यात गेले. त्यांचे वजन ११८ किलो झाले होते. रात्री घोरत, आणि घोरता घोरता मध्येच श्वास थांबे. वहिनी उठून त्यांना हलवत. रोज साखरेच्या दोन गोळ्या चालू होत्या. पथ्य करून झाले, पहाटे चालून झाले. वजन आठ किलो उतरले, आणि सहा महिन्यांत दहा किलो चढले. शेवटी डॉक्टरांनी पोटाच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला.

आम्ही हा पाठ लिहितो आहोत तो शस्त्रक्रिया करा हे सांगायला नाही, करू नका हे सांगायलाही नाही. तो निर्णय डॉक्टरांचा आणि रोग्याचा. आम्हाला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. शस्त्रक्रिया दोन तासांत होते. तिच्यानंतरचे जेवण मात्र जन्मभराचे असते. ते दादा कसे शिकले, आणि कुठे चुकले, ते ऐकण्यासारखे आहे.

आधी हे पोटाचे काम काय आहे ते पाहू.

आपले जठर म्हणजे एक पिशवी आहे. ती ताणली की तिच्यात लिटर-दीड लिटर अन्न सहज मावते. दादांची शस्त्रक्रिया अशी झाली की या पिशवीचा चारातला तीन भागांहून थोडा जास्त भाग उभा कापून काढला. उरली ती एक अरुंद नळी, केळ्याच्या आकाराची. तिच्यात चहाचा एक लहान कप भरेल एवढेच मावते. आणखी एक गोष्ट घडते. जठराच्या वरच्या फुगीर भागात भुकेचा निरोप पाठवणारे एक द्रव्य तयार होते. तो भागच गेला की निरोप कमी होतो. म्हणून पहिले काही महिने माणसाला भूक फारशी लागत नाही.

दुसरी एक रीत आहे. तिच्यात जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठे चमचे मावतील एवढी बारीक पिशवी वेगळी करतात आणि ती थेट खालच्या आतड्याला जोडतात. अन्न मधला रस्ता सोडून पुढे जाते. शेतात पाटाचे पाणी जसे बांध फोडून दुसरीकडे वळवावे, तसे. या रीतीत अन्नही कमी मावते आणि अन्नातले कसही कमी शोषले जातात.

ही दुसरी रीत कशी निघाली, त्याची गोष्ट मोठी गंमतीची आहे. अमेरिकेत आयोवा नावाच्या प्रांतात एडवर्ड मेसन नावाचे शस्त्रवैद्य होते. पोटातल्या व्रणासाठी त्या काळी जठराचा भाग कापून टाकीत. मेसन यांनी पाहिले की अशा बायका पुढे बारीक होतात आणि त्यांचे वजन पुन्हा वाढत नाही. जो त्या रोग्यांचा तोटा, तोच फार जाड माणसाचा फायदा करता येईल, हे त्यांच्या ध्यानात आले. १९६६ साली त्यांनी तशी शस्त्रक्रिया केली.

आपल्याकडेही ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, ती बातमी वर्तमानपत्रांत आली होती. २०१७ साली इजिप्त देशातून इमान अहमद नावाची बाई विमानाने मुंबईला आली. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगत. मार्च महिन्यात तिची शस्त्रक्रिया झाली. वजन पुष्कळ उतरले. पण तिला आधीपासून अनेक आजार होते. मे महिन्यात तिला अबुधाबीला नेले आणि सप्टेंबरात ती तिथे वारली. हे सांगायचे कारण असे की, लोक या शस्त्रक्रियेला एक तर जादू समजतात, नाही तर मरणाची वाट. ती दोन्ही नव्हे. ते एक मोठे ऑपरेशन आहे, एवढेच.

मग ते कोणासाठी? नुसते पोट सुटलेल्या माणसासाठी नाही. डॉक्टर वजन आणि उंची यांचा मेळ घालून एक आकडा काढतात. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनेच गुणायचे, आणि आलेल्या आकड्याने किलोतल्या वजनाला भागायचे. दादांची उंची साडेपाच फूट, म्हणजे १.६८ मीटर. १.६८ ला १.६८ ने गुणले की २.८२ येतात. ११८ ला २.८२ ने भागले की जवळजवळ ४२ येतात. आपल्या देशात बरीच वर्षे साडेसदतीसच्या वर, किंवा साखरेसारखा आजार जडलेला असेल तर साडेबत्तीसच्या वर, शस्त्रक्रियेचा विचार करीत आले. अलीकडे ही रेघ आणखी खाली आणावी असे तज्ज्ञ म्हणतात. पण दादा दोन्ही हिशेबांनी पलीकडेच होते.

आता घरी आलेल्या दादांकडे वळू.

दादांच्या आई माळकरी आहेत. आळंदीची वारी चुकवीत नाहीत. लेक दवाखान्यातून आला तेव्हा त्यांनी पायावर पाणी घातले, तुकडा ओवाळून टाकला. मग वाटी पुढे ठेवली. वाटीत काय? तर मुगाच्या डाळीचे गाळलेले पाणी. ते पाहून आईंच्या डोळ्यांना धार लागली. "डॉक्टरनं माझ्या लेकाचं पोटच कापून न्हेलं. आता ह्यो जगायचा कशावर?" असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. शेजारणी येत आणि आणखी भर घालीत. "आवं, एवढा दांडगा गडी, पान्यावर ठेवलाय व्हय!"

नवव्या दिवशी वहिनी पाण्याला गेल्या होत्या. आईंनी ज्वारीची मऊ भाकरी केली. चतकोर दुधात कुस्करली आणि म्हणाल्या, "माझ्या गळ्याची आन हाय, चार घास खा." दादांनी खाल्ले. चौथ्या घासाला छातीत खुंटी ठोकल्यासारखे दुखू लागले. तोंडाला फेसाळ पाणी सुटले. मग ओकारी. ओकारी थांबेना. रात्री गाडी करून दवाखान्यात न्यावे लागले.

नशीब बरे, टाके शाबूत होते. पण धोका मोठा होता. कापलेले जठर बारीक पिनांनी शिवलेले असते. ती शिवण पक्की व्हायला काही आठवडे लागतात. ओल्या भिंतीवर लगेच छप्पर टाकले तर काय होईल? तसेच हे. शिवणीतून गळती झाली तर पोटात पू होतो आणि जिवावर बेतते. म्हणून पहिल्या दिवसांत पुढची लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करीत बसू नये: ताप, नाडी फार जलद चालणे, पोटात सहन न होणारे दुखणे, दम लागणे, पायाची पोटरी सुजून दुखणे. रात्र असो की सण असो, दवाखाना गाठावा. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे जाता आले तर उत्तम. ते लांब असेल तर जवळचे मोठे रुग्णालय. पिंपरीला संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. कुठेही जा, पण जाताच पहिले वाक्य हे बोला, "पोटाचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय." डॉक्टरांना त्यावरून पुढची वाट कळते. ऑपरेशनचा कागद घडी करून खिशात ठेवावा. दादा अजून ठेवतात.

आईंचा दोष काय म्हणायचा? आपल्या घरात माया ताटात वाढतात. आम्ही आईंशी बोललो. जनावराला कळवट लागल्यावर आपण वैरण तोडतो की नाही, असे विचारले. "तोडतो की," त्या म्हणाल्या. बाळंत झालेल्या मुलाला पहिल्या दिवशी भाकरी देतो का? "न्हाई." मग त्या जरा वेळ गप्प बसल्या. "म्हंजी हे पोट आता तान्ह्या पोराचं हाय," त्या म्हणाल्या. दवाखान्यातल्या बाईंनी आहाराचा छापील कागद दिला होता. त्यापेक्षा आईंचे हे एक वाक्य घराच्या अधिक उपयोगी पडले.

तान्ह्या पोटाला कसे वाढवायचे, ते असे. पहिले एक-दोन दिवस पाणी आणि पाण्यासारखे पातळ. नंतर दोन आठवड्यांपर्यंत पातळ पदार्थ: साय काढलेले दूध, पातळ ताक, गाळलेले कढण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले, म्हणजे रवीने एकजीव केलेले वरण, मऊ पेज, कुस्करलेला दुधी. मग मऊ शिजवलेले: मऊ पनीर, मुगाची मऊ खिचडी, घट्ट दही. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न, तेही थोडे थोडे. कोणाला चार दिवस पुढे, कोणाला चार दिवस मागे. आपल्या डॉक्टरांनी जे दिवस सांगितले ते खरे. शेजारच्या गावच्या माणसाचे दिवस आपल्याला लागू नाहीत.

पाण्याची गोष्ट नीट समजून घ्या. दिवसाकाठी दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायला हवे. पण तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायचे दिवस गेले. घोट घोट प्यायचे, दिवसभर. आणि जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचे. असे का? नळी अरुंद आहे. तिच्यात घास असताना पाणी ओतले तर ती भरून वर येते, नाही तर घास पाण्याबरोबर घसरून खाली जातो आणि पोट भरल्याचे कळतच नाही. दादांना सगळ्यात अवघड हेच गेले. भाकरीच्या घासावर पाण्याचा घोट ही चाळीस वर्षांची सवय! पहिले दोन महिने वहिनी जेवताना तांब्याच उचलून ठेवीत.

दीड महिन्याने दादा कामावर गेले. जड उचलायचे काम डॉक्टरांनी आणखी काही दिवस बंद ठेवले होते. तिथे निराळीच अडचण आली. जेवणाची सुट्टी अर्धा तास. त्यात हात धुणे आले, रांग आली. ताट हाती येईपर्यंत दहा-बारा मिनिटे जातात. या पोटाला तर प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावावा लागतो. एक वाटी खायला अर्धा तास लागतो. सोबती हसतील म्हणून दादांनी कोणाला काही सांगितले नव्हते. ते सगळ्यांबरोबर भराभर गिळू लागले. तीन दिवस रोज संडासात जाऊन ओकले. चौथ्या दिवशी यंत्रापाशी घेरी आली.

मग त्यांनी लाज सोडली आणि आपल्या वरच्या साहेबांना सांगितले. साहेब भला माणूस निघाला. चहाच्या सुट्टीत पाव वाटी आणि जेवणाच्या सुट्टीत पाव वाटी अशी वाटणी झाली. दादा डबा घरूनच नेऊ लागले, म्हणजे रांगेचा वेळ वाचला. डब्यात लहान चमचा ठेवला. बोटांनी घेतलेला घास मोठा होतो, चमच्याने लहान. ही युक्ती वहिनींची.

रात्रपाळीचे काय? रात्रपाळीला माणूस झोप उडवायला खातो. बिस्कीट, फरसाण, चहा. इथे एक फसवणूक आहे, ती ओळखून ठेवा. या लहान पोटात भाकरी अडते, डाळ भरते, पण बिस्कीट चहात बुडवले की विरघळून सरळ खाली जाते. शेव, आइस्क्रीम, सरबत यांचेही तसेच. पोट भरत नाही आणि वजन चढते. शस्त्रक्रिया होऊनही दोन-तीन वर्षांनी पुन्हा जाड झालेली माणसे दिसतात. त्यांतली पुष्कळ या वाटेने गेलेली असतात. तेव्हा पाळी कोणतीही असो, खाण्याच्या वेळा ठरलेल्या हव्यात. दिवसाचे पाच लहान खाणे असेल तर रात्रपाळीतही पाचच. मधले तोंड चाळवणे नाही.

गोडाचे आणखी एक आहे. आतडे जोडण्याच्या रीतीत हे जास्त घडते, पण दादांच्या रीतीतही घडू शकते. उसाचा रस किंवा जिलेबी खाल्ली की साखर एकदम आतड्यात उतरते. छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो, जुलाब होतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. लोक म्हणतात नजर लागली. नजर नव्हे ती, रस आहे.

आता खायचे काय, याचा मुख्य मुद्दा. थोडेच मावते, तर जे मावेल ते कसदार हवे. शरीराचे मांस, स्नायू, केस, जखम भरणे, सारे प्रथिनांवर चालते. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. डॉक्टरांनी अंडी सांगितली होती. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. पण आई माळकरी. घरात अंडे येत नाही. आम्ही काही माळ मोडा म्हणणार नाही. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दोन पेले दूध, म्हणजे ४०० मिली, १३ ग्रॅम. पनीर १०० ग्रॅम, त्यात १८. घट्ट वरणाच्या दोन लहान वाट्या, १२. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ३० ग्रॅम, १५. दही १०० ग्रॅम, ३. बेरीज केली तर ६१ झाली. हे दिवसभरात पाच-सहा वेळा वाटून खायचे. जेवायला बसले की आधी वरण, पनीर, वड्या, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी भाकरी. आपल्या ताटाचा क्रम उलटा झाला. "भाकरी शेवटाला? मग ते जेवान कसलं?" असे आईंनी विचारले होते. खरेच आहे. पण चतकोर भाकरीने पोट भरले तर वरण कुठे ठेवायचे?

सुरुवातीला पनीर रोज परवडेना. तेव्हा वहिनी घरीच दूध फाडू लागल्या. ते स्वस्त पडते. फाडलेल्या दुधाचे पाणी कणकेत घालतात.

मऊ पाव, चिकट भात आणि ताजी मऊ पोळी यांचा गोळा होतो आणि तो अडकतो. कडक भाजलेली पातळ भाकरी चांगली चावली तर त्यापेक्षा बरी जाते. पण हे ज्याने-त्याने आपापल्या पोटाला विचारून ठरवावे. दादांना मटकी सोसत नाही. आमच्या माहितीतल्या एका ताईंना मटकी सोसते पण दूध नाही.

उपवासाबद्दल दोन शब्द. दादा एकादशी करत. साबुदाण्याची खिचडी, वेफर, राजगिऱ्याचा लाडू. त्यात सारा पिठूळपणा आणि तूप. पहिले वर्ष त्यांनी उपवास सोडला. आईंनीच सांगितले, "इठ्ठल काय तुझं पोट बघाया बसलाय व्हय." आता ते एकादशीला दूध, दही, पनीर आणि थोडे फळ घेतात. निर्जळी मात्र कधीच नाही. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला येते तेव्हा वाटेवर जो तो द्रोण हाती देतो. दादा द्रोण घेतात, कपाळाला लावतात, चिमूटभर तोंडात टाकतात आणि उरलेला पुढच्या वारकऱ्याला देतात. प्रसाद कमी झाला असे अजून कोणी म्हटलेले नाही.

लग्नात मात्र आग्रह आवरत नाही. हळदीला, वास्तुशांतीला पंगतीत कोणी तरी म्हणतोच, "खा की राव, आमच्यात जेवान कमी हाय का?" दादांनी एक तोड काढली. ते वाढायला उभे राहतात. हातात वरणाची बादली असली की कोणी वाढत नाही!

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात. बायका याने फार घाबरतात. वजन झपाट्याने उतरले की असे होते. प्रथिने, लोह व्यवस्थित असेल तर काही महिन्यांत केस पुन्हा येतात. बायकांनी दुसरी एक गोष्ट डॉक्टरांना विचारावी, लाजू नये. शस्त्रक्रियेनंतर एक ते दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत. या काळात अंगातला साठा खाली येत असतो, तेव्हा आईचे आणि पोटातल्या मुलाचे दोघांचेही हाल होतात. गर्भ न राहण्याच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या या पोटात नीट लागू पडतील की नाही, तेही विचारून दुसरा उपाय घ्यावा.

साखरेच्या गोळ्यांची गोष्ट सावधपणाची आहे. शस्त्रक्रियेनंतर साखर फार लवकर खाली येते, कधी कधी वजन उतरण्याच्या आधीच. जुन्याच गोळ्या चालू ठेवल्या तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडेल. आपल्या मनाने बंद केल्या तर साखर पुन्हा चढेल. डॉक्टर तपासून कमी करतात. दादांची एक गोळी दुसऱ्या आठवड्यात गेली, दुसरी अर्धी झाली. अंगदुखीच्या गोळ्या मात्र दुकानातून आपल्या मनाने घेऊ नयेत. कारखान्यातली माणसे कंबर दुखली की सर्रास घेतात. त्यांतल्या पुष्कळ गोळ्या या पोटात व्रण करतात. बिडी-तंबाखूही जखम भरू देत नाही. दारूचे तर विचारूच नका. ती या पोटातून फार लवकर रक्तात जाते. पूर्वी ज्याला तीन पेल्यांनी चढत असे, त्याला एकाने चढते, आणि तो मोटारसायकलवर बसलेला असतो.

आता दादांची दुसरी चूक. पहिलीपेक्षा ही मोठी.

शस्त्रक्रियेनंतर रोज जीवनसत्त्वांची गोळी, चुना म्हणजे कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह, आणि ब-१२ घ्यावे लागते. महिना, दोन महिने नव्हे, कायम. ब-१२ पोटात शोषून घेण्याला जठराचा मोठा हातभार लागतो. ते जठरच कमी झाले. शिवाय ब-१२ मांस, अंडी, दूध यांतच असते, भाजी-भाकरीत नसते. दादा शाकाहारी. साखरेच्या एका नेहमीच्या गोळीनेही ब-१२ कमी होते. म्हणजे तिन्ही वाटा बंद. गोळी हीच एक वाट उरली होती.

आठ महिन्यांत दादांचे वजन ८९ किलोवर आले. घोरणे थांबले. जुनी विजार दोरीने बांधावी लागे. गावात लोक ओळखेनात. दादांना वाटले, झाले आपले काम. गोळ्या महिन्याला बऱ्याच पैशांच्या होत. त्या बंद केल्या. पुण्याला तपासणीला जायचे म्हणजे एक खाडा होतो. तपासणीही चुकवली. एकदा, दोनदा, तीनदा.

वर्ष उलटून गेले. मग तळपायाला मुंग्या येऊ लागल्या. दादा म्हणाले, उभ्याच्या कामाने आल्या असतील. पुढे पायातली चप्पल निसटली तरी कळेना. अंधारात चालताना तोल जाऊ लागला. एक दिवस यंत्रापाशी पाऊल चुकले आणि सोबत्याने बखोटीला धरले म्हणून हात वाचला. तेव्हा रक्त तपासले. ब-१२ तळाला गेले होते. ब-१२ कमी झाले की नसांवरचे आवरण झिजते. विजेच्या तारेवरचे रबर जावे, तसे. इंजेक्शने सुरू केली. चार-पाच महिन्यांत तोल परत आला. पण डाव्या पायाच्या दोन बोटांना अजून नीट कळत नाही. ती कळतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. नसेला फार उशीर झाला की ती सारी परत येत नाही.

हे ऐकून आम्ही दादांना विचारले की, गोळ्या महाग होत्या तर कोणाला बोलला का नाहीत? ते म्हणाले, "बरं वाटत असल्यावर औषध कोण घेतंय?" याला उत्तर देणे सोपे नाही. आम्हीही तसेच वागतो. पण इथे गोळी ही औषध नव्हे, ती जेवणाचा भाग आहे. जेवण कमी केले, त्यातला कस गोळीने भरायचा. मग तिचा खर्च किराण्याच्या यादीतच लिहावा. वहिनींनी आता तसेच केले आहे. तेल, डाळ, साखर (ती अर्धी झाली आहे), आणि खाली गोळ्या. वर्षातून निदान एकदा रक्ताची तपासणी. पहिल्या वर्षी ती तीन-चार वेळा.

आणि ओकाऱ्या चार-चार दिवस चालल्या तर थांबू नये. त्यात ब-१ हे जीवनसत्त्व झपाट्याने संपते. डोळ्यांना दोन-दोन दिसणे, बरळणे, पाय न उचलणे अशी लक्षणे दिसली तर तासांचा हिशेब करून दवाखान्यात न्यावे. जाताच सलाईनमधून साखर चढवण्याआधी ब-१ द्यावे लागते. ते डॉक्टरांना ठाऊक असते, पण ऑपरेशन झाल्याचे त्यांना आपण सांगितले पाहिजे. म्हणून तो खिशातला कागद.

दादांचे वजन आज ८६ किलो आहे. शस्त्रक्रियेला दोन वर्षे झाली. पोटाची कातडी सैल पडून लोंबते. ती कपड्यात झाकतात, तिला काही इलाज नको म्हणतात. रोज पाऊण तास चालतात. विकलेल्या शेताच्या कडेने कंपनीची भिंत गेली आहे, तिच्या कडेकडेने. घरामागे दोन गुंठे उरले आहेत. त्यात मेथी, दुधी आणि शेवग्याचे एक झाड आहे.

परवा आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. आईंनी आम्हाला भरले ताट वाढले. दादांपुढे एक लहान वाटी, चमचा आणि शेवटी चतकोर भाकरी. तांब्या कुठेच नव्हता. आम्ही जेवून हात धुतले तरी दादांचे चालूच होते. आई त्यांच्याशेजारी बसून होत्या. "सावकाश," त्या म्हणत होत्या, "सावकाश रं. घाई कुनाला हाय."

मंगळवारी दादांच्या रक्ताची तपासणी आहे. खाड्याचा अर्ज त्यांनी आठ दिवस आधीच देऊन ठेवला आहे.